‘मला नाही येत’ म्हणणाऱ्या मुलांसोबतचं पहिलं वर्ष: सीमाभागातल्या मराठी हायस्कुलात नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी

जूनमध्ये आठवीच्या वर्गात जाऊन फळ्यावर एक साधं समीकरण लिहा आणि विचारा, “कोण येणार सोडवायला?” अर्ध्या वर्गाच्या माना खाली जातील. त्या कधी खाली जातात ते नीट बघा. समीकरण वाचून होण्याएवढाही वेळ झालेला नसतो. गणित काय आहे ते मुलांनी अजून पाहिलेलं नसतं, पण आपल्याला ते येणार नाही एवढं त्यांचं ठरलेलं असतं.

बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात मी बरीच वर्षं गणित शिकवते. दरवर्षी कुणीतरी पाहुणे शाळेत येतात, तळमळीने बोलतात, मुलं मनापासून टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला माना पुन्हा तिथेच. “तू करू शकतोस” या दुसऱ्याच्या शब्दावर मूल फार दिवस विसंबत नाही. काल जे जमत नव्हतं ते आज आपल्याच हातून झालं, हे त्याला दिसलं तर मात्र ते विसंबतं. असा पुरावा मुलाच्या हातात कसा द्यायचा, ते वर्षाच्या क्रमाने सांगते.

पायरी १: जून. मुलं कुठून येतात ते आधी समजून घ्या

हजेरीपटाशिवाय स्वतःची एक वही करा. प्रत्येक मुलापुढे चारच गोष्टी लिहा: गाव, सातवीपर्यंतची शाळा, घरात कुठली भाषा बोलतात, सकाळी किती वाजता घर सोडतो. मधल्या सुट्टीत, बिसी ऊटच्या (शाळेतल्या गरम जेवणाच्या) रांगेत, बसस्टॉपवर सहज बोलताना दोन आठवड्यांत हे सगळं कळतं.

आपल्याकडे बहुतेक गावांत शाळा सातवीपर्यंत आणि हायस्कूल आठवीपासून. त्यामुळे आठवीचा वर्ग म्हणजे आठ-दहा गावांचा मेळा असतो. गावच्या पंधरा मुलांत जिचा पहिला नंबर यायचा ती इथे पन्नास जणांत अठरावी येते. तिला येत होतं तेवढं अजूनही येतंच, पण ऑगस्टपर्यंत ती “मी काय हुशार नाही” म्हणू लागलेली असते. ऑस्ट्रेलियात काम केलेले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात हेच अभ्यासून मांडलं: कुवत तेवढीच असली तरी भोवतालची मुलं सरस असली की मूल स्वतःला कमी लेखतं. छोट्या तळ्यातला मोठा मासा मोठ्या तळ्यात गेल्यावर स्वतःला लहान समजतो, अशी उपमा त्याला दिली गेली. म्हणून एफए-१ चे, म्हणजे वर्षातल्या पहिल्या छोट्या चाचणीचे, गुण मोठ्याने वाचून दाखवू नका. नंबराप्रमाणे बाकावर बसवायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे, ती तुमच्या तासापुरती तरी मोडा.

दुसरी गोष्ट पावसाची. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जुलैचा पाऊस कसा असतो ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. ओढा भरला की वाट बंद. नट्टीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तर अख्खं घर भाताच्या खाचरात असतं आणि आठवी-नववीची मुलंही चिखलात उतरलेली असतात. सहा दिवस मूल येत नाही, तेवढ्यात ऋण संख्यांचा गुणाकार शिकवून होतो. सातव्या दिवशी ते वर्गात बसतं, काही समजत नाही, आणि त्याचं कारण ते स्वतःला देतं: “माझं डोस्कं गणितात चालत नाही.” गैरहजेरीचा हिशोब असा बुद्धीच्या खात्यावर मांडला जातो, आणि एकदा तिथे मांडला की खोडायला वर्षं लागतात.

तो तिथे मांडला जाऊ द्यायचा नाही. मूल परत येईल त्या दिवशी त्याच्या वहीत तारखा आणि चुकलेला भाग लिहून द्या आणि तोंडानेही सांगा: “तू नव्हतास तेव्हा हे झालं, म्हणून आता अडतंय. हे दोन दिवसांत भरून निघेल.” शेजारच्या गावचा, त्याच बसने येणारा एक सोबती ठरवून द्या. बसमध्ये पाऊण तास जातो, त्यात पुष्कळ होतं.

पायरी २: ‘येत नाही’ म्हणजे नक्की काय येत नाही?

हे एकच वाक्य मुलं वेगवेगळ्या अर्थाने वापरतात. कुणाला हे एक गणित येत नसतं, कुणाला बीजगणित. कुणी अख्ख्या गणितावर फुली मारलेली असते. आणि काहींना म्हणायचं असतं की अभ्यास ही आपली गोष्टच नाही. १९७६ साली शेव्हलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की माणसाची स्वतःबद्दलची समजूत अशीच थरांची असते. वर एक एकूण समजूत, तिच्याखाली अभ्यासाबद्दलची, तिच्याखाली एकेका विषयाची. पहिल्या प्रकारच्या मुलाला नुसतं गणित समजावलं की काम होतं. शेवटच्या प्रकारच्या मुलाला तेच समजावत राहिलात तर त्याला वाटतं, बघा, इतकं सांगूनही मला कळत नाही.

पहिल्या आठवड्यात एक चिठ्ठी लिहून घ्या, नाव घालून, पण वर्गात वाचून न दाखवता. प्रश्न तीनच. गेल्या वर्षी कुठला धडा न अडखळता जमला? कुठे आल्यावर हात थांबतो? शाळेबाहेर तू काय चांगलं करतोस? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वाचताना मला दरवर्षी भरून येतं. रताळ्याची वेल लावते. ढोल वाजवतो. म्हशीची धार काढते. आखाड्यात जातो. निपाणीकडच्या हायस्कुलात शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला एका मुलीने लिहून दिलं होतं, आईपेक्षा भरभर विड्या मोजते. ही माहिती उदाहरणं तयार करायला वापरा. एकरी रोप किती लागेल, विड्यांचे किती कट्टे झाले की शेकडा किती, असं. पण “अभ्यासात नसलास तरी शेतात हुशार आहेस” असं कधीही म्हणू नका. तुम्ही सांत्वन करायला बोलता, मूल त्यातला पहिलाच अर्धा ऐकतं.

आणखी एक गुंता इथे सापडेल. मार्श यांनी १९८६ मध्ये दाखवलं की मूल स्वतःला नुसतं इतरांशी ताडून बघत नाही, स्वतःचेच दोन विषय एकमेकांशी ताडून बघतं. माझ्या वर्गात एक मुलगी होती. गावच्या मराठी साहित्य संमेलनात विद्यार्थ्यांच्या सत्राचं सूत्रसंचालन करायची, बोलणं असं की माणसं थांबून ऐकायची. कडोली, येळ्ळूर, उचगाव या गावांनी ही संमेलनं जपली आहेत, त्यातून अशी मुलं घडतात. ती ठामपणे सांगायची, “टीचर, आपलं मराठी चांगलं, गणित आपलं नव्हे.” तिचे गणिताचे गुण वर्गाच्या सरासरीच्या वरच होते. मराठीत जास्त होते म्हणून गणितातले तिला कमी वाटत होते. मी तिला दोन्ही तुकड्यांची गणिताची सरासरी काढायला लावली आणि तिचा आकडा तिलाच शेजारी लिहायला सांगितला. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.

पायरी ३: जुलै-ऑगस्ट. पहिला पुरावा

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘मला हे जमेल’ हा विश्वास कुठून येतो त्याची चार उगमस्थानं सांगितली. स्वतः करून दाखवलेलं काम, आपल्यासारख्याच कुणालातरी करताना पाहणं, इतरांचे धीराचे शब्द, आणि त्या क्षणी शरीर कसं वागतंय ते, म्हणजे धडधड, घाम, शांतपणा. यांत पहिलं सगळ्यांत बळकट. आपण शिक्षक मात्र बहुतेक वेळ तिसऱ्यावरच भागवतो.

पहिलं घडवायचं तर मूल कुठल्या पायरीवर घट्ट उभं आहे ते शोधावं लागतं. आठवी-नववीत बीजगणितात अडणारं मूल बऱ्याचदा खरं तर अपूर्णांकात किंवा वजा चिन्हात अडलेलं असतं. पाच उदाहरणांची चिठ्ठी करा: एक पाचवीचं, दोन सहावीची, दोन सातवीची. गुण द्यायचे नाहीत, फक्त बघायचं की हात कुठे थांबतो. तिथून पुढे रोज दहा मिनिटं. अगदी सोपं देऊन “वा वा” केलंत तर मुलाला लगेच कळतं की आपल्याला लहान मुलात काढलंय. थोडं झगडून सुटेल असंच उदाहरण द्यावं.

आता माझं सगळ्यांत आवडतं साधन, चुकांची वही. शंभर पानी साधी वही. एका चुकीला एक पान. वर तारीख, मग आपण केलेली चूक जशीच्या तशी, खाली ‘मी असं का केलं’ हे आपल्या शब्दांत, मग दुरुस्त केलेलं. दोन आठवड्यांनी त्याच पानाखाली तसंच नवं उदाहरण, पुन्हा तारीख घालून. या वहीवर लाल पेन चालवायचं नाही, गुण द्यायचे नाहीत आणि ती पालकांना दाखवायची की नाही ते मुलाने ठरवायचं. ‘मी असं का केलं’ लिहायला मुलं सुरुवातीला फार कंटाळतात, “लक्ष नव्हतं” एवढंच लिहितात. तिथे बसून विचारावं लागतं. लक्ष नव्हतं की कंस सोडवताना चिन्ह बदलायचं माहीतच नव्हतं? ऑक्टोबरात मूल मागची पानं उलटतं आणि जुलैतली चूक पाहून त्याला हसू येतं. ते हसू यावं म्हणून ही सगळी खटपट आहे. तारीख नसेल तर वाढ दिसत नाही, म्हणून तारखेसाठी हट्ट धरा.

पायरी ४: कौतुक आणि गुण

“हुश्शार!” हा शब्द आपल्या तोंडात बसलेला आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पहिली सोपी कोडी सुटल्यावर काही मुलांच्या बुद्धीचं कौतुक केलं, काहींच्या मेहनतीचं. नंतर अवघड कोडी दिल्यावर बुद्धीचं कौतुक झालेली मुलं लवकर ढेपाळली आणि त्यानंतरच्या कोड्यांतही त्यांची कामगिरी खालावली. सुटलं म्हणजे मी हुशार, तर न सुटणं म्हणजे काय, हे मूल स्वतःच ताडतं.

पण यातून “कष्ट कर, कष्ट कर” हा जप करू नका. जे मूल चुकीच्या पद्धतीने रात्री अकरापर्यंत पाठांतर करतंय त्याला कष्टाची शाबासकी म्हणजे जखमच. त्याला पद्धत हवी. कौतुक करायचं ते नेमकं दिसलेल्या गोष्टीचं: “आकृती आधी काढलीस म्हणून तुला बाजू सापडली.” “दुसऱ्यांदा ताळा केलास, तिथे चूक पकडलीस.”

या बाबतीत माझ्या हातून घडलेली एक गोष्ट मला अजून सलते. एका मुलाला धीर द्यावा म्हणून मी वर्गात म्हणाले, “तुझ्या दादाला मी शिकवलंय, तो किती पटकन करायचा! तूही करशील.” त्या दिवसापासून दहावी संपेपर्यंत त्या मुलाने मला एकही शंका विचारली नाही. दादाचं, शेजाऱ्याचं, वर्गातल्या पहिल्या नंबराचं नाव घेऊन कुणालाही पुढे ढकलू नका.

एफएचे पेपर परत देतानाही एक सोपी युक्ती आहे. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये पाहिलं की नुसता शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली, पण शेरा आणि गुण एकत्र मिळाले तेव्हा शेऱ्याचा फायदा झाला नाही. पोरं आकडा बघतात आणि पेपर मिटतात. तेव्हा गुण रजिस्टरला चढवा, पण पेपर आधी फक्त शेऱ्यासह द्या. दुरुस्ती करून घ्या. गुण दुसऱ्या दिवशी सांगा. वर्गात कुरबुर होईल, होऊ द्या.

पायरी ५: प्रश्न विचारून थांबा

मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात मोजलं तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंद थांबत होते. तोच अवधी तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. मनात तीन आकडे मोजा, एवढंच.

आपल्या भागात त्याला एक जोड हवी. मूल “करूलालो”, “जाऊलालो” असं घरच्या बोलीत उत्तर देत असेल तर वाक्य पुरं होऊ द्या. गणिताच्या किंवा विज्ञानाच्या तासाला मधेच थांबवून “करतो आहे म्हण” असं सुधारलंत तर उत्तर बरोबर असूनही चूक ठरल्यासारखं होतं. प्रमाण मराठी लिहिण्यासाठी मराठीचा तास आहे, आणि दहावीच्या परीक्षेत पहिल्या भाषेच्या १२५ गुणांसाठी ती यायलाच हवी.

गप्प, शिस्तीच्या मुलांकडेही बघा. वही सुरेख, अक्षर मोत्यासारखं, गृहपाठ पुरा, आणि विचारलं तर काहीच नाही. फ्रेडरिक्स, ब्लुमेनफेल्ड आणि पॅरिस यांनी २००४ मध्ये मुलाच्या अभ्यासातल्या सहभागाचे तीन पदर वेगळे केले: वागण्यातला, भावनेतला आणि विचारातला. ही मुलं वागण्याने वर्गात असतात, विचाराने नसतात, आणि त्रास देत नाहीत म्हणून आपल्या नजरेतून सुटतात. वहीत उतरवलेलं उत्तर झाकून ‘आता शेजारणीला समजावून सांग’ म्हणा.

पायरी ६: कन्नडची भीती

यावर थोडी जास्त थांबते, कारण नवीन शिक्षक इथेच गडबडतात. एसएसएलसीचे, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या बोर्ड परीक्षेचे, एकूण ६२५ गुण. पहिली भाषा १२५, बाकी पाच विषय प्रत्येकी शंभर. मराठी माध्यमाच्या मुलांना कन्नड हा त्यांतला एक विषय. निपाणी-चिकोडीकडची पुष्कळ मुलं दोन्ही भाषा सहज बोलतात. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या किंवा बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांतल्या मुलाच्या कानावर मात्र कन्नड फक्त बसमध्ये आणि बाजारात पडतं. या मुलांच्या मनात “आपण मराठी, आपल्याला कन्नड येणारच नाही” असं घट्ट बसलेलं असतं, आणि एका विषयाची ही भीती हळूहळू ‘मी परीक्षेचा माणूसच नाही’ इथपर्यंत पसरते.

सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आणि आपल्याकडच्या काळ्या दिवशी, आपल्या घरांत काय वातावरण असतं ते मला सांगायला नको, माझ्याही घरात ते असतं. पण तो भार चौदा वर्षांच्या पोराच्या कन्नड व्याकरणावर टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मायबोली मनाशी घट्ट धरून दुसरी भाषा शिकता येते. ती शिकलेलं मूल उद्या बँकेत, तहसीलदार कार्यालयात, दवाखान्यात कुणावर अवलंबून राहत नाही.

सुरुवात अशी करा. कन्नडच्या शिक्षकांना विश्वासात घ्या आणि पहिल्या तासाला मुलांना आधीच येणारे कन्नड शब्द लिहायला सांगा, हवे तर देवनागरीत. अंगडी (दुकान), नीरु (पाणी), हालु (दूध), बेल्ला (गूळ), ऊट (जेवण). नट्टी, अक्का, अण्णा हे तर आपण मराठी म्हणूनच बोलतो. चाळीस-पन्नास शब्द सहज होतात. कोऱ्या पाटीने सुरुवात करतोय असं वाटणाऱ्या मुलासाठी हा पहिला पुरावा. मग अक्षरं: बसच्या पाट्या. रोज येण्याच्या वाटेवरची तीन नावं वाचून यायची.

आणि इथे बांडुरांचं दुसरं उगमस्थान कामी येतं. जिल्ह्यात पहिला आलेला मुलगा किंवा मोठा अधिकारी बोलावू नका. मूल म्हणतं, तो वेगळाच आहे. गेल्या वर्षीची, त्याच गावची, आठवीत कन्नडला काठावर असलेली आणि दहावीत साठच्या पुढे गेलेली मुलगी बोलवा. ती काय करत होती ते तिच्याच शब्दांत सांगू दे. कुठे रडली तेही.

पायरी ७: बक्षिसं

थोडक्यात सांगते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये पाहिलं की चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांना आधी बक्षीस कबूल केलं, तर नंतर ती आपणहून कमी चित्रं काढू लागली. जे मूल आवडीने करतंय त्याला पेन-डब्याचं आमिष लावू नका.

पायरी ८: घरी जा

पालकसभेला आई-वडील येत नाहीत अशी तक्रार सगळे करतात. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळी असलेला बाप, गोव्याला कामाला गेलेला काका, दुपारी मजुरीवर असलेली आई कुठून येणार? संध्याकाळी डेअरीला दूध घालून झाल्यावर तुम्हीच जा. पहिली भेट तक्रारीशिवाय घ्या.

घरात मुलासमोरच ऐकायला मिळेल: “याचं काय खरं न्हाई टीचर, डोस्कंच न्हाई.” वाद घालू नका. मुलाची परवानगी घेऊन चुकांची वही उघडा आणि जुलैचं पान, मग सप्टेंबरचं पान आईच्या हातात द्या. अक्षर वाचता आलं नाही तरी तारखा आणि खाडाखोड दिसते. आईला एकच काम सांगा. रोज रात्री जेवताना विचारायचं, “आज कुठली चूक दुरुस्त केलीस?” किती गुण पडले हे विचारायचं नाही.

एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्या. पुष्कळ घरांत मोठं मूल मराठी शाळेत आणि धाकटं इंग्रजी माध्यमात असतं. पैसे आले तेव्हा धाकट्याची वेळ आली, इतकं साधं कारण असतं. पण मोठ्याला वाटतं, मी त्या लायकीचा नव्हतो. हे कुणी बोलून दाखवत नाही. आई-वडिलांना बाजूला घेऊन सांगा की कारण मोठ्याला उघड सांगा. मी दोन घरांत हे घडताना पाहिलंय, त्या मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला.

मुलींच्या बाबतीत “दहावी झाली की बास” हे वाक्य नववीतच घरात फिरू लागतं. ते ऐकणारी मुलगी नववीपासूनच हात आखडते. कर्नाटकात जून २०२३ पासून मुली-बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, तेव्हा पीयूसीला (अकरावी-बारावीला) शहरात जाण्याच्या खर्चाची निम्मी सबब उरत नाही. हे घरच्यांना आकडे मांडून दाखवा.

पायरी ९: दहावी

डिसेंबरनंतर सकाळी-संध्याकाळी जादा तास, मग प्रिपरेटरी, म्हणजे सराव परीक्षा. इथे बांडुरांचं चौथं उगमस्थान जागं होतं. छातीत धडधडलं की मूल समजतं, आपला अभ्यास झालेला नाही. धडधड सगळ्यांनाच होते, पहिल्या नंबरालाही, हे मुलांना आधीच सांगा. दर शनिवारी पहिली दहा मिनिटं घड्याळ लावून एकच प्रश्न सोडवून घ्या, म्हणजे वेळेची भीती सवयीची होईल. २०२४ मध्ये एसएसएलसीच्या एकाच वर्षात तीन परीक्षा घेतल्या गेल्या, तेव्हापासून एखादा विषय राहिला म्हणजे वर्ष गेलं असं समीकरण उरलेलं नाही. हे निकालाच्या दिवशी सांगून उपयोग नाही, जानेवारीत सांगा.

पायरी १०: पीयूसीच्या आधीची तयारी

मराठी माध्यमातून दहावीला उत्तम गुण मिळवलेलं मूल सायन्सला जातं, तिथे सगळं इंग्रजीत. पहिल्या दोन महिन्यांत शाळेतला मोठा मासा पुन्हा लहान होतो, आणि या वेळी भाषाही बदललेली असते. नववीपासूनच दोन्ही नावं वहीत शेजारी लिहून घ्या: लसावि आणि एलसीएम, काटकोन त्रिकोण आणि राइट अँगल ट्रँगल, प्रकाशसंश्लेषण आणि फोटोसिंथेसिस. दहावीच्या शेवटच्या महिन्यात स्पष्ट सांगा: “कॉलेजात पहिले काही आठवडे तुला वाटेल, मी ढ झालो. तेव्हा वहीवर लिही, आज कुठले शब्द कळले नाहीत.”

ही मुलं कॉलेजात रुळली की एखाद्या शनिवारी, सकाळच्या शाळेच्या वेळी, त्यांना बोलवा. भाषण करायला लावू नका. येताना कॉलेजची वही आणा म्हणावं. दहावीच्या बाकांवर त्यांना मधे बसवा आणि पहिल्या आठवड्याचं पान, अर्धे शब्द सुटलेलं, प्रश्नचिन्हांनी भरलेलं, आणि परवाचं पान असं दोन्ही शेजारच्या मुलाला दाखवू द्या.